बाजूची टोपली

ऑफिसात तिला सगळे दुभाषीण म्हणत आणि तिलाही ते नाव आवडायचं. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. तिचं काम सांगायला तसं सोपं. कारखान्यांतून, गोदामांतून, इस्पितळांतून यंत्रांचे आकडे दिवसरात्र वाहत येत, आणि तिच्या कंपनीचा प्लॅटफॉर्म, म्हणजे एक भलामोठा प्रोग्राम, ते वाहत असतानाच तपासायचा. हा आकडा ठीक, हा जास्त, इथे दिवा लाल कर, तिथे भोंगा वाजव. पण कुठला आकडा ठीक आणि कुठला जास्त, हे ठरवणारे नियम एकाच जुन्या प्रोग्रामिंग भाषेत लिहावे लागत. ती भाषा म्हणजे खाष्ट सासू. एक चिन्ह इकडचं तिकडे झालं की घर डोक्यावर घ्यायची. ती भाषा येणारी माणसं थोडी, आणि जी होती त्यांचा रुबाब असा की नियमात एक आकडा बदलायचा म्हटलं तरी गिऱ्हाइकाने त्यांची मनधरणी करायची.

म्हणून कंपनीने ठरवलं की प्लॅटफॉर्मला आणखी भाषा शिकवायच्या. गिऱ्हाइकाच्या माणसाला जी सोपी भाषा येते तिच्यात त्याने आपला नियम लिहावा, आणि मधलं देणंघेणं प्लॅटफॉर्मने सांभाळावं. हे मधलं सांभाळणं दुभाषिणीकडे आलं.

नव्या भाषांना थेट घरात घेता येत नव्हतं. तिने त्यांच्यासाठी शेजारी वेगळ्या खोल्या बांधल्या, म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर खोल्याच. मधल्या भिंतीला खिडकी ठेवली. खिडकीतून आकडा आत द्यायचा, पाहुण्या भाषेने तो बघायचा, आणि निकाल त्याच खिडकीतून बाहेर. हे सगळं जमलं. अडलं एका ठिकाणी. आकडा बघता बघता पाहुणाच भोवळ येऊन पडला, म्हणजे त्या भाषेतला नियमच बंद पडला, तर काय करायचं?

जुन्या भाषेत ह्याचं उत्तर ठरलेलं होतं. एका नियमाने मान टाकली की सगळा प्रवाह थांबायचा, सगळे दिवे लाल व्हायचे आणि गिऱ्हाइकाचे फोन सुरू व्हायचे. लोक शिव्या घालायचे. कुणा दीडशहाण्याने नियम चुकवला म्हणून अख्खा कारखाना का खोळंबवता, असं त्यांचं म्हणणं, आणि ते काही खोटं नव्हतं.

त्या दिवशीच्या मीटिंगमध्ये सगळे हाच दगड इकडून तिकडे ढकलत होते. दुभाषीण खुर्चीत मागे रेलून म्हणाली, "पाहुणा आजारी पडला म्हणून घराला कुलूप लावायचं का? जो आकडा पाहुण्याला झेपला नाही तो उचलायचा, बाजूच्या टोपलीत टाकायचा, आणि पुढचा द्यायचा. घर चालू राहिलं पाहिजे."

मॅडमनी, म्हणजे कंपनीच्या मालकीणबाईंनी, टेबलावर हात आपटला. "हेच! हेच मला हवं होतं."

चष्मिष तेवढा गप्प होता. चष्मिष म्हणजे त्यांचा टेस्टर. दुसऱ्याने बांधलेलं पाडून बघायचं, हाच त्याचा धंदा, आणि स्वभावही. तो म्हणाला, "टोपली ठीक आहे. पण टोपलीकडे बघणार कोण?"

"तुला चार डोळे आहेत. दोन आमच्याकडे ठेव, दोन टोपलीकडे," दुभाषीण म्हणाली. सगळे हसले. चष्मिषही हसला, कारण न हसून करतो काय. टोपलीत काय पडलंय ते दाखवणारा एक स्क्रीन करायचा असं कामांच्या यादीत लिहिलं गेलं, आणि तिथेच ते घोंगडं भिजत पडलं. दर वेळी त्याहून तातडीचं काहीतरी निघायचं. टोपलीबद्दल कुणाचा फोन येत नव्हता, आणि ज्याचा फोन येत नाही ते काम मागे पडतं, ही कुठल्याही ऑफिसची रीत आहे.

गिऱ्हाइकांना दाखवायच्या दिवशी चष्मिषने सगळ्यांदेखत एक पाहुणी भाषा मुद्दाम मारून दाखवली. मोठ्या पडद्यावर आकडे वाहत होते. त्याने बटण दाबलं, पाहुणा आडवा झाला, आणि आकडे वाहतच राहिले. एकही दिवा लाल झाला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दिवा लाल झाला नाही म्हणून शहाण्यासुरत्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. नंतर कधीही तो दिवस आठवला की दुभाषिणीच्या कानांत आधी त्या टाळ्या वाजत.

त्या गर्दीत मागच्या रांगेत तिचा दादा होता. सर्वांत जास्त टाळ्या त्याच्याच.

दादा एका मोठ्या कोल्ड स्टोरेजमध्ये शिफ्ट सुपरवायझर. वडील लवकर गेले, दादा शाळा सोडून कामाला लागला, आणि छोटी, म्हणजे ही, शिकली. ह्या गोष्टीचा त्याने कधी उच्चार केला नाही. उलट चारचौघांत सांगायचा, "आमच्या घरातली सगळी अक्कल हिच्या वाट्याला गेली, मला नुसती उंची मिळाली." त्याच्याच सांगण्यावरून त्याच्या मालकाने हा प्लॅटफॉर्म घेतला होता. नवी भाषा सोपी आहे हे कळल्यावर एका रविवारी तो हिच्या घरी येऊन बसला. "छोटे, मलाही शिकव. तिकडे स्टोरेजमध्ये एक नवी खोली बांधलीय. तिचा नियम लिहायला बाहेरचा माणूस बोलवायचा, आणि त्याने तारखांवर तारखा द्यायच्या. त्यापेक्षा मीच लिहितो."

मग रविवारमागून रविवार भाऊबहीण शेजारी बसले. दादाची बोटं जाड, एकदम दोन बटणं दाबली जायची. चुकला की स्वतःलाच म्हणायचा, "ह्या वयात हत्तीला सायकल शिकवतायत." पण शेवटी त्याने नियम लिहिला. मोजक्या ओळी. हवेतला वायू किती आहे तो आकडा घ्यायचा, मर्यादेशी ताडून बघायचा, कमी असेल तर हिरवा, जास्त असेल तर लाल. तिने तो वाचला. आकडा शून्य आला तर, उणे आला तर, फार मोठा आला तर, असं सगळं घालून बघितलं. "झकास, दादा! आमच्याकडच्या पोरांनाही इतकं सुटसुटीत जमत नाही."

दादा लाजला. पन्नाशीकडे झुकलेला उंच माणूस लाजला की कसा दिसतो ते तिने त्या दिवशी पाहिलं.

आता त्या वायूचं सांगायला हवं. कोल्ड स्टोरेजमध्ये गारव्यासाठी नळ्यांतून कार्बन डायऑक्साइड खेळवत. त्याला रंग नाही, वास म्हणावा असा नाही. हवेपेक्षा जड, म्हणून गळला की जमिनीलगत साचतो. बंद खोलीत फार झाला की आत शिरलेला माणूस दोनचार श्वासांत खाली. म्हणून प्रत्येक खोलीत एक सेन्सर होता. बॅटरी पुरावी म्हणून तो मिनिटाला एकदाच बोलायचा. आणि दारावर दिवा होता. भोंगाही होता, पण तिथल्या हमालांचे कान कॉम्प्रेसरच्या घरघरीने अर्धे कामातून गेलेले. त्यांना भोंग्यापेक्षा दिवा बरा, म्हणून दिव्याचा आग्रह दादानेच धरला होता.

ह्या हमालांचा मुकादम होता पैलवान. छाती दारात मावायची नाही अशी. दादाचा जुना दोस्त. दोघे एकाच बाकावर बसून डबा खायचे आणि एकमेकांच्या डब्याला नावं ठेवायचे. खोलीत शिरण्याआधी पैलवान दिव्याला सलाम ठोकायचा. आधी गंमत म्हणून सुरू झालेलं, मग सवयच पडली. "हा आपला साहेब," तो म्हणायचा. "तुमच्या छोटीने नेमलेला. हा हो म्हणाला की आपण आत."

भर दुपारी नव्या खोलीतली एक नळी फुटली. हळूहळू गळती झाली असती तर आकडा चढत गेला असता आणि दादाच्या नियमाने तो पकडला असता. पण ती एकदम फुटली. एका मिनिटाला आकडा ठीक होता, पुढच्या मिनिटाला तो सेन्सरच्या मापाबाहेर गेला. आणि माप संपलं की हा सेन्सर आकडा पाठवत नसे, शब्द पाठवत असे. 'मर्यादेबाहेर.' दादाचा नियम आकड्याची वाट बघत होता. शब्द आला तशी त्याला भोवळ आली. मग दुभाषिणीने घालून दिलेल्या रीतीप्रमाणे तो शब्द उचलला गेला, बाजूच्या टोपलीत पडला, आणि घर चालू राहिलं. दिवा शेवटच्या ठीक आकड्यावर थांबला होता. हिरवा.

पैलवानाने सलाम ठोकला आणि दार उघडलं.

त्याच्या मागोमाग जाणारा हमाल दारातच गुडघ्यावर आला, त्याला लोकांनी ओढून काढलं. पैलवानाला दादाने आणलं. श्वास कोंडून आत गेला, काखेत हात घालून ती एवढी काया फरफटत बाहेर आणली. उशीर झाला होता. दादा दाराशी बसून दिव्याकडे बघत राहिला. तो अजून हिरवाच होता.

* * *

मॅडमनी दुसऱ्याच दिवशी अहवाल तयार करून घेतला. नियम गिऱ्हाइकाच्या कर्मचाऱ्याने लिहिला होता. सेन्सर शब्द पाठवू शकतो ही शक्यता त्याने धरली नव्हती. प्लॅटफॉर्म ठरल्याप्रमाणे चालला. ह्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. दादाला कामावरून थांबवलं होतं, सरकारी चौकशी नेमली होती, आणि ती झाली की त्याच्यावर खटला होणार हे सगळे धरून चालले होते.

अहवाल वाचून झाल्यावर दुभाषीण आपल्या जागेवर येऊन बसली आणि तिने टोपली उघडली. उघडायला स्क्रीन नव्हताच. आज्ञा हाताने लिहावी लागली, आणि ती कशी लिहायची हे तिलाही क्षणभर आठवेना.

नव्या खोलीचे निरोप एकाखाली एक पडले होते. मर्यादेबाहेर. मर्यादेबाहेर. मर्यादेबाहेर. पैलवान दाराशी येण्याच्या कितीतरी आधीपासून, तो आत असताना, दादाने त्याला बाहेर काढल्यानंतरही. मिनिटाला एक. एवढासा सेन्सर, खोलीत एकटा, तेच तेच सांगत बसलेला.

ती खाली सरकत गेली. टोपलीत दादाची खोली एकटी नव्हती. पाहुण्या भाषा सुरू झाल्यापासून ज्या ज्या गिऱ्हाइकाचा नियम कुठे अडखळला होता, त्याचे निरोप तिथे साचले होते. कुठल्या इस्पितळाच्या ऑक्सिजनच्या टाकीचे, कुठल्या बॉयलरचे. बरेचसे फुटकळ असतील. पण फुटकळ कुठले आणि जिवावरचे कुठले हे बघितल्याशिवाय कळायचं कसं? आणि बघितलं कुणीच नव्हतं. तिच्या डोळ्यांदेखत खाली आणखी एक ओळ पडली.

चष्मिष मागे येऊन उभा होता. 'मी तेव्हाच म्हटलं होतं' असं म्हणाला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो फक्त म्हणाला, "मी आज बसून स्क्रीन करतो." आणि मग स्वतःशीच, "बैल गेला आणि झोपा केला."

ती मॅडमच्या केबिनमध्ये गेली. "टोपली बंद करू या. म्हणजे, पूर्वीसारखं. नियम पडला की प्रवाह थांबू दे, दिवे लाल होऊ देत. सगळ्यांकडे. आजच."

मॅडमनी तिला बसायला सांगितलं, पाण्याचा ग्लास पुढे केला. त्या दुष्ट नव्हत्या. दुष्ट असत्या तर काम सोपं होतं. "आज बदललं तर त्याचा अर्थ काय निघेल? कालपर्यंत आपलं चुकत होतं, हाच ना? चौकशी संपू दे. मग सावकाश बदलू."

"तोवर टोपली भरतेय."

"तोवर चष्मिष बघेल ना टोपलीकडे."

"एकटा? सगळ्या गिऱ्हाइकांची?"

मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. "हे बघ, ह्या कंपनीवर किती घरं चालतात ते मी तुला सांगायला नको. तुझंही चालतं. जेवढं विचारतील तेवढंच बोल. झाकली मूठ सव्वा लाखाची." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "तुझा भाऊ आहे, मला कळतं. त्याच्यासाठी चांगला वकील आपण देऊ."

* * *

दादाच्या घरात टीव्ही बंद होता. दादा गॅलरीत खुर्ची टाकून बसला होता, समोरच्या भिंतीकडे तोंड करून. वहिनीने दार उघडलं आणि हळूच सांगितलं, "जेवत नाहीत. झोपत तर नाहीतच. म्हणतात, मी मारला त्याला. माझ्या त्या चार ओळींनी मारला."

दुभाषीण त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. लहानपणी बसायची तशी.

"छोटे," तो भिंतीकडे बघतच म्हणाला, "एकच ओळ कमी पडली ना? 'आकडा नसेल तर लाल.' एवढीच. मी तिथे काम करतो, सेन्सर मी हाताळतो. मला सुचायला नको होती? ज्याचं त्याने करावं, हेच खरं. नसती हौस."

मग तिने त्याला सांगितलं. पाहुणा, खिडकी, टोपली, सगळं. मीटिंगमधलं आपलं वाक्यही सांगितलं, आणि लोक हसले तेही. जुन्या भाषेत हाच नियम, ह्याच चुकीसकट लिहिला असता तर प्रवाह थांबला असता, दिवा लाल झाला असता, आणि पैलवान दाराबाहेर उभा राहून शिव्या घालत बसला असता, हे तिने सांगितलं. "तुझी ओळ कमी पडली, दादा. पण ओळी सगळ्यांच्याच कमी पडतात. त्या पडल्या तरी माणूस मरू नये, ते बघणं माझं काम होतं."

तिला वाटलं, आता हा ओरडेल. एकदा तरी ओरडावं असं तिला फार वाटत होतं.

"हे कुणाकुणाला माहीत आहे?" त्याने विचारलं.

"ऑफिसात आहे. बाहेर नाही."

"मग बाहेर जाऊ देऊ नकोस."

"दादा..."

"ऐक. मी तर गेलोच आहे. तू बोललीस म्हणून मी सुटणार नाही. नियम माझाच आहे. फक्त माझ्याबरोबर तूही जाशील. मग ह्या घराकडे, तुझ्या घराकडे बघायचं कुणी? पैलवान येणार आहे का परत?" त्याने पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. डोळे लाल, खाली काळं. "तुला मी शिकवलं ते ह्याच्यासाठी नाही. तोंड उघडणार नाहीस. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

तिने मान हलवली. होकाराची होती की नकाराची, तिची तिलाच कळली नाही. दादाने ती होकाराची धरली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

जिना उतरताना खरं सांगायचं तर तिला हलकं वाटलं. घराचे हप्ते, मुलाची शाळा, सकाळची बस, सगळं होतं तसं राहणार होतं. दादाने ओझं उचललं होतं, नेहमीसारखं. खालच्या पायरीवर पोचेपर्यंत ते हलकेपण टिकलं, आणि मग तिला स्वतःची इतकी किळस आली की ती कठड्याला धरून उभी राहिली. मोबाईल वाजला. चष्मिषचा निरोप होता. स्क्रीन झाला. सकाळपासून टोपलीत इतकं पडलंय की मला एकट्याला वाचून होत नाही.

* * *

चौकशीची खोली लांबट होती. एका टोकाला टेबल, त्यावर पाण्याचा जग आणि ध्वनिमुद्रणाचं यंत्र. दुसऱ्या टोकाला खुर्च्यांच्या रांगा. चौकशी अधिकारी सभ्य, दमलेला माणूस होता. मधूनमधून चष्मा काढून डोळे चोळायचा. पहिल्या रांगेत मॅडम आणि वकील, त्यांच्या मागे दुभाषीण. पलीकडे दादा आणि वहिनी. आणि अगदी शेवटच्या रांगेत, दाराजवळ, पैलवानाची बायको. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. ती कुणाकडेच बघत नव्हती.

दादा उभा राहिला. "नियम मी लिहिला. मला शिकवणाऱ्याची त्यात चूक नाही. चूक माझी." एवढं बोलून खाली बसला. त्याने हे पाठ केलं असणार.

मग दुभाषिणीला उभं केलं.

"हा नियम ह्या गृहस्थांनीच लिहिला?"

"हो."

"तुमचा प्लॅटफॉर्म ठरल्याप्रमाणे चालला?"

"ठरल्याप्रमाणे, हो."

तिने दादाकडे बघितलं नाही. अधिकाऱ्याने मान डोलावली, चष्मा पुसला, आणि समोरच्या टायपिस्टला मजकूर सांगायला लागला. "लिहा. अपघाताच्या वेळी सदर खोलीतून..." तो मॅडमकडे वळला. "सेन्सर बंद पडला होता म्हणायचं ना?"

"वैध आकडा मिळाला नाही," मॅडम म्हणाल्या.

"बरं. लिहा, अपघाताच्या वेळी सदर खोलीतील सेन्सरकडून प्लॅटफॉर्मला काहीही कळवण्यात आलं नाही."

टायपिस्टची बोटं चालू झाली. दुभाषीण अजून उभीच होती. तिला बस म्हणायचं अधिकारी विसरला होता. शपथ तिच्या लक्षात होती, घर लक्षात होतं, मॅडमची झाकली मूठही. पण आयुष्यभर तिने एकच काम केलं होतं. इकडचं तिकडे नेताना वाटेत काही सांडू द्यायचं नाही. आणि इथे तिच्यासमोर, तिला ऐकू येईल असं, जे बोललं गेलं होतं त्याचं 'बोललंच नाही' होत होतं. दुसऱ्यांदा.

"कळवलं होतं," ती म्हणाली.

टायपिस्ट थांबली. वकील अर्धवट उठला. पलीकडून दादाचा आवाज आला, दबका, पण सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा. "छोटे. खाली बस."

"सेन्सर बंद नव्हता. तो दर मिनिटाला सांगत होता. त्याचं म्हणणं आम्ही बाजूला टाकलं. म्हणजे तसं टाकायचं, असं मी ठरवलं होतं. हा नियम चुकला तरी दिवा लाल व्हायला हवा होता. पूर्वी तसाच व्हायचा. मी तो होऊ दिला नाही." "आणि हे अजून चालू आहे, साहेब. आत्ता, ह्या घडीला. दुसऱ्या कारखान्यांचं, इस्पितळांचं. मी टोपली उघडून दाखवते. ते आधी थांबवा. बाकीचं नंतर लिहा."

अधिकाऱ्याने चष्मा पुन्हा चढवला. त्यानंतर बराच वेळ प्रश्न झाले, आणि ती उत्तरं देत राहिली. संध्याकाळच्या आत सगळ्या पाहुण्या भाषा बंद करण्याचा हुकूम निघाला. ठिकठिकाणी दिवे लाल झाले असतील आणि लोकांनी शिव्या घातल्या असतील. दादाचं म्हणणं मात्र खरं ठरलं. तो सुटला नाही. अधिकाऱ्याने उठताना स्पष्ट सांगितलं की नियम लिहिणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही. आता त्या जबाबदारीत दुभाषीणही भागीदार झाली, इतकंच.

बाहेरच्या पॅसेजमध्ये मॅडम तिच्या अंगावरून गेल्या, खांबाजवळून जावं तशा. दादा जिन्याशी थांबला होता. वहिनीने त्याचा दंड धरला होता.

"शपथ घातली होती तुला," तो म्हणाला.

"दादा, ते लिहीत होते की काही कळवलंच नाही..."

"लिहू दे ना!" आता तो ओरडला. सगळा पॅसेज वळून बघायला लागला. "लिहू दे की! मला एवढं एकच वाचवता येत होतं. पैलवान नाही वाचवता आला. तुला वाचवत होतो. तेही नाही करू दिलंस." वहिनीने त्याला वळवलं आणि दोघं जिना उतरून गेली. खाली गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. ते तिच्यासाठी थांबले नाहीत.

पॅसेज रिकामा होत गेला. पैलवानाची बायको अजून दाराजवळच उभी होती. ती जवळ आली. दुभाषिणीला वाटलं, ही आता थोबाडीत मारेल. तिने मान वर केली, लागू दे म्हणून.

"ताई," बाई म्हणाली, "आतलं मला सगळं नाही समजलं. म्हणजे, त्या यंत्राला कळलं होतं?"

"हो."

"आणि ते सांगत होतं?"

"हो. दर मिनिटाला. त्यांना बाहेर काढलं, त्यानंतरही सांगत होतं."

"कुणाला?"

दुभाषिणीने तोंड उघडलं. इतक्या भाषांमधून तिने इतकी वर्षं शब्द इकडचे तिकडे नेले होते. ह्या बाईला द्यायला तिच्याजवळ एवढेच होते.

"कुणालाच नाही," ती म्हणाली.

बाईने हळूहळू मान हलवली. पिशवीचे बंद नीट केले.

"ह्यांना कमी ऐकू यायचं," ती म्हणाली. "तरी कुणी हाक मारली आणि ह्यांनी वळून बघितलं नाही, असं कधी झालं नाही."

आणि कठड्याला धरून, एकेक पायरी बघत, ती जिना उतरायला लागली.